एक थाप

मेव्हण्याने कॅबिनेटच्या डाव्या कुशीत एक सणसणीत थाप मारली आणि काँप्युटर सुरू झाला. झालं! तीन आठवडे मी मॅन्युअलं वाचली, आकडे टिपले, रात्री टॉर्च दातात धरून कॅबिनेटमध्ये डोकं घातलं. घरात आता त्याचा उल्लेख होत नाही. उल्लेख होतो थापेचा.

तक्रार तशी छोटीच होती. सकाळी बटण दाबलं की पंखा फिरायचा, दिवा लागायचा आणि काळ्या पडद्यावर पांढरी ओळ यायची, ‘नो बूटेबल डिव्हाइस’, म्हणजे ज्या डिस्कवरून सुरू व्हायचं तीच सापडत नाही. बंद करून पुन्हा लावला की मुकाट सुरू. मग दोन दिवस काहीच नाही, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. साफ मेलेलं यंत्र परवडलं, ते निदान प्रामाणिक तरी असतं. हे असलं अधूनमधून आजारी पडणारं यंत्र म्हणजे फितूर साक्षीदार. एकट्याला गाठून छळणार आणि चौघं जमले की शहाण्या बाळासारखं चालणार. त्यामुळे घरच्यांना वाटत होतं की मी थापा मारतोय. आणि मग मेव्हणा आला व त्याने खरोखरच मारली.

“एरर काय येतो, भाऊजी?”

“बूट डिव्हाइस सापडत नाही म्हणतो.”

“म्हणजे हरवलंय?”

“हरवेल कसं? आतच आहे.”

“आत आहे तर सापडत का नाही?”

“तेच तर शोधतोय.”

“म्हणजे तो पण शोधतोय, तुम्ही पण शोधताय.” एवढं बोलून तो बहिणीकडे वळला. “ताई, ह्यांना जरा बाजूला घे.”

“अरे, थांब, आत डिस्क फिरतेय…”

“फिरतेय ना? मग हिसका बसला की जागेवर येईल.”

थाप. आवाज असा आला की वरचं पेनस्टँड आडवं झालं. पडदा उजळला. बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी इथे लिहीत नाही.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ, असं म्हणून मी सोडून दिलं असतं. पण संताप वेगळ्याच गोष्टीचा आहे. ‘आत आहे तर सापडत का नाही’ हा त्याचा प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. निदानाची सुरुवात तिथूनच होते. ओळ दिसली की सरळ बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी जागा होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगांत, जायचं (बहुतेक ठिकाणी सुरू होताना एफ-२ किंवा डिलीट) आणि यादीत डिस्कचं नाव आहे का ते बघायचं. नाव असेल, तर डिस्क बोलतेय आणि घोळ पुढचा आहे: बूटचा क्रम (आधी कुठून सुरू व्हायचं), बूट लोडर (विंडोजला उठवणारा छोटा प्रोग्राम), खराब सेक्टर (डिस्कवरचे माहितीचे कप्पे). नावच नसेल, तर संशय केबल, वीज, पोर्ट किंवा खुद्द डिस्कवर. बायोसमधलं घड्याळ मागे पडलेलं दिसलं तर आधी मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ सेल बदलायचा. तो तीन व्होल्टचा असतो. तो संपला आणि यंत्राची वीज तुटली की बायोस आपल्या सेटिंगा विसरतो, आणि माणसं उगाच चांगल्या डिस्कचं श्राद्ध घालतात.

आणखी एक खूण. गार यंत्र अडतं, पण वीज न तोडता कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबलं की उठतं, असं असेल तर डिस्क उशिरा वेग घेत असण्याची शक्यता मोठी. साडेतीन इंची डिस्कला मोटर फिरवायला १२ व्होल्टची लाइन लागते आणि उठताना ती साधारण दोन अँपिअर ओढते. पॉवर सप्लायचे कपॅसिटर म्हातारे झाले असले की नेमकं इथे कंबरडं मोडतं. मल्टीमीटरवर ही लाइन ११.४ ते १२.६ च्या आत हवी, आणि मोजायची ती सुरू होतानाच. नंतर तासाभराने मोजून ‘छान आहे’ म्हणण्यात अर्थ नाही. विंडोजवाल्यांसाठी आणखी एक: फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ‘शट डाउन’ने यंत्र पूर्ण बंद होत नाही, कर्नलचं (विंडोजच्या गाभ्याचं) सत्र डिस्कवर जपून ठेवलं जातं. खरी पाटी कोरी होते ती ‘रीस्टार्ट’ने. हे घरात सांगितल्यावर उत्तर आलं, “म्हणजे बंद केलं की बंद होत नाही, आणि चालू केलं की चालू होत नाही?” यावर काय बोलणार.

माझ्याकडे बायोसच्या यादीतून डिस्कचं नावच गायब व्हायचं. मग स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे, आकडे काढले. क्रिस्टलडिस्कइन्फो हे काम फुकटात करतो, फक्त त्याचे कच्चे आकडे मुळात हेक्साडेसिमलमध्ये (दहाऐवजी सोळाच्या मोजणीत) दिसतात. तिथे १० दिसले की ते सोळा असतात, सेटिंग बदलून घ्या. बघायच्या ओळी चार. ५ नंबर म्हणजे किती सेक्टर मोडीत काढून राखीव जागेत हलवले. १९७ म्हणजे वाचता येईनात म्हणून लटकलेले. १९८ म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीत दुरुस्त न झालेले. आणि १९९ म्हणजे डिस्क व मदरबोर्ड यांच्यातल्या वाटेत खराब झालेली देवाणघेवाण. माझ्याकडे पहिल्या तिन्ही ओळींत शून्य आणि १९९ समोर २१२. डिस्क ठणठणीत, रस्ता उखडलेला.

डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या साटा केबलच्या तोंडाला सात पट्ट्या असतात, आणि आतलं ते तोंड जेमतेम ५० वेळा काढण्या-घालण्याच्या हिशेबाने बनवलेलं असतं. माझी केबल बिनखटक्याची होती (तोंड घट्ट धरून ठेवणारी क्लिप नसलेली), शिवाय कॅबिनेटचं झाकण बसावं म्हणून काटकोनात दुमडलेली. रात्री सगळं गार होऊन किंचित आकसलं की संपर्क सुटायचा, तापलं की जुळायचा. थापेने ती केबल केसभर हलली, एवढाच काय तो चमत्कार.

आणि तो चमत्कार करताना डिस्क मिनिटाला ७२०० फेऱ्या घेत होती, म्हणजे सेकंदाला १२०. तिच्या तबकडीपासून वाचणारं डोकं काही नॅनोमीटरवर तरंगतं. माणसाच्या केसाची जाडी हजारो नॅनोमीटर असते. केसाहून इतक्या कमी अंतरावर तरंगणाऱ्या वस्तूला हा माणूस थाप मारतो आणि वर विचारतो, “सर्व्हिस चार्ज नको का?” १९५६ साली आयबीएमने जी पहिली हार्ड डिस्क आणली तिच्यात २४ इंची ५० तबकड्या होत्या आणि वजन टनाच्या घरात होतं. तिला थाप मारली असती तर निदान मारणाऱ्याचा हात तरी दुखला असता.

समजा आकडा १९७ समोर असता. मग प्रत्येक ओळखीचा माणूस जो सल्ला देतो, ‘चेकडिस्क चालव’ (विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करणारी आज्ञा), तो आधी कानाआड करायचा. चेकडिस्क ‘/आर’ हा पर्याय घालून चालवली की ती अख्खी डिस्क वाचत बसते आणि मरणाऱ्या डिस्कला शेवटचा धक्का देते, शिवाय दुरुस्तीच्या नावाखाली फाइलींची मोडतोड होते ती वेगळी. आधी प्रत. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करायचं, तेवढ्याच किंवा मोठ्या आकाराची नवी डिस्क जोडायची आणि डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कची प्रत काढणारा प्रोग्राम लावायचा. तो सोपा भाग आधी उचलतो, अडलेल्या जागांकडे नंतर वळतो. त्याला मॅपफाइल (कुठवर वाचलं त्याची नोंदवही) दिली तर मध्येच थांबवून पुन्हा तिथूनच सुरू करता येतं. आज्ञेत डिस्कांचा क्रम आधी जुनी, मग नवी. उलट लिहिलंत तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते, आणि मग रडायला कोणी मेव्हणाही येत नाही. डिस्क टक-टक-टक आवाज करत असेल तर यातलं काहीच नको. वीज तोडा आणि डेटा काढून देणाऱ्या माणसाकडे न्या. फ्रीजरमध्ये ठेवा म्हणणाऱ्यांनी बाहेर काढल्यावर तबकडीवर धरणारं दव कधी पाहिलेलं नसतं.

शून्यं बघून निर्धास्तही होऊ नये. गुगलने २००७ साली आपल्या लाखाहून जास्त डिस्कांचा हिशेब मांडला, तेव्हा मेलेल्यांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी तिथे भरवशाच्या ठरवलेल्या स्मार्टच्या चार खुणांपैकी एकही दाखवलेली नव्हती. म्हणून मी त्याच रात्री सगळ्याची प्रत काढली. “चालतोय की, आता कशाला?” हे वाक्य ती काढताना तीनदा ऐकलं.

खटक्याची नवी केबल टाकली, पोर्टही बदलला. १९९ चा आकडा कधी खाली येत नसतो, तो वाढतोय का एवढंच बघायचं. नऊ दिवस झाले, २१२ वरच आहे. सकाळी बटण, लगेच सुरू. जुनी केबल मी पुरावा म्हणून खणात ठेवली आहे, पण ती बघायची कोणाला इच्छा दिसत नाही.

“भावाच्या एका थापेत कायमचा बरा झाला हो,” असं बायको परवा फोनवर कोणालातरी सांगत होती. काल शेजाऱ्यांचा प्रिंटर अडकला. बोलावणं मेव्हण्याला गेलं.