भायलीचं फाटक

महिनाभर बडोद्याला फोन लावला की एकच विषय निघतो. दांडिया बाजारातला वाडा सोडून दादा-वहिनी आणि बाबा शहराच्या कडेला भायलीला नव्या इमारतीत राहायला गेले. खाली दुकानं, वर फ्लॅट. तळमजल्यावर मोठं किराणा स्टोअर सुरू झालं आणि रविवारी संध्याकाळी फाटकासमोर गाड्याच गाड्या. बाबांचे गुडघे धरलेले. रिक्षा फाटकापर्यंत येऊच शकत नाही, मग ते रस्त्यावर उतरतात आणि गाड्यांच्या फटींतून वाट काढत घरी पोहोचतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोन तट आहेत: एक म्हणतो स्टोअर बंद करा, दुसरा म्हणतो बिल्डरकडून आणखी पार्किंग घ्या.

मला दोन्ही पटत नाहीत.

इथे अमेरिकेत ऑस्टिनला मी अशाच इमारतीत राहते. रहिवाशांचं तळघर वेगळं, त्याला फाटकही वेगळं. गिऱ्हाईकाने बिल दाखवलं की दीड तास फुकट, पुढे पैसे. माझ्या गाडीच्या जागेचं भाडं घरभाड्यात धरलेलं नाही. दुसरी गाडी विकली त्या महिन्यापासून तिच्या जागेचं भाडं थांबलं. प्रत्येक इमारतीला अमुक इतकं पार्किंग हवंच, हा नियम ऑस्टिनने नोव्हेंबर २०२३ मध्ये जवळजवळ सगळीकडून काढून टाकला. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी कित्येक वर्षं हेच मांडलं: पार्किंग फुकट कधीच नसतं, त्याची किंमत घरभाड्यात आणि दुधाभाजीच्या भावात मिसळलेली असते. चालत येणारी बाईसुद्धा ती भरते.

आपल्याकडे गुजरात हायकोर्टाने २०१९ मध्ये मॉल आणि मल्टिप्लेक्सना पार्किंगचे पैसे घ्यायला मनाई केली, तेव्हा लोकांना आनंद झाला आणि तो मी समजू शकते. पण घरांच्या खाली असलेल्या दुकानात ‘फुकट’ म्हणजे जो आधी आला त्याची जागा. त्यात हरतो तो तिथे राहणारा म्हातारा माणूस.

गिऱ्हाइकांकडून पार्किंगचे पैसे घ्या, असं मी सुचवलं. दादा म्हणतो, “दहा रुपये ठेवलेस तर लोक गाड्या रस्त्यावर लावतील.” हे मला मान्य आहे. रस्त्याची कडा मोकळी ठेवायला माणूस उभा केला नाही, तर आतल्या दराला अर्थ नाही. आणि इथलंही सगळं चांगलं नाही. माझ्या इमारतीबाहेर पाऊल टाकलं की रुंद रस्ता, पुढे मैलभर फुटपाथ नाही. खालचं दुकान सोडलं तर कुठेही गाडीशिवाय जाता येत नाही. आई मात्र पिशवी घेऊन चालत खंडेराव मार्केटला जायची, सयाजीरावांनी १९०६ मध्ये बांधलेल्या त्या मार्केटला. वाटेत चार ओळखीचे भेटायचे. दांडिया बाजारात खाली दुकान, वर बिऱ्हाड ही रीत कोणी बिल्डरने आणलेली नव्हती.

म्हणूनच स्टोअर बंद व्हावं असं मला वाटत नाही. वहिनी लिफ्टने खाली जाऊन दूध आणते, ही सोय तोडू नये. मी दादाला तिसरी मागणी लिहून पाठवली आहे: फाटकासमोर रिक्षा आणि अ‍ॅम्ब्युलन्स थांबेल एवढी जागा रंगवून कायम मोकळी ठेवा, रविवारी तिथे स्टोअरच्या खर्चाने माणूस उभा करा, आणि इमारतीच्या आतून दुकानात जायला दार द्या. पुढच्या मीटिंगला बाबा स्वतः जाणार आहेत.