गाव वसवा, पगार वसूल करा

उद्योजक व्हायचं म्हटलं की ज्याला त्याला एकच सल्ला मिळतो: चांगला माल काढा, गिऱ्हाईक आपोआप येईल. हा सल्ला देणारे बहुतेक सगळे पगारदार असतात, हे ध्यानात ठेवा. माल काढावा लागतो हे खरं, पण मालावरचा नफा एकदाच मिळतो. कामगाराला दिलेला पगार मात्र नीट डोकं चालवलं तर फिरून आपल्याच तिजोरीत येतो. ही विद्या शिकायची असेल तर एकोणिसाव्या शतकातल्या शिकागोला जा आणि जॉर्ज मॉर्टिमर पुलमन यांच्या पायाशी बसा.

पुलमनसाहेबांचा धंदा रेल्वेच्या शयनयान डब्यांचा. अमेरिकेत तेव्हा रेल्वेमार्ग धडाधड पसरत होते, प्रवास दिवसच्या दिवस चालायचा आणि रात्री बाकावर बसून मान अवघडायची. साहेबांनी गाद्या, पडदे, गालिचे घातलेले डबे काढले. पण ते विकून मोकळे झाले नाहीत. डबे कंपनीच्याच मालकीचे ठेवले, त्यात नोकर आपले नेमले आणि प्रवाशाकडून तिकिटावर जादा आकार घेतला. मालकी सोडायची नाही, हा पहिला धडा.

दुसरा धडा १८८० सालचा. शिकागोच्या दक्षिणेला कॅल्युमेट सरोवराजवळ सुमारे ४,००० एकर जमीन घेऊन साहेबांनी कारखाना बांधायला काढला आणि कारखान्याला लागून गाव. गावाचं नाव पुलमन. विनय वगैरे गुण गरिबांसाठी असतात. हॉटेलला मुलीचं नाव दिलं, फ्लॉरेन्स. सोलन बेमन नावाच्या तरुण वास्तुविशारदाने विटांची देखणी घरं उभी केली. घरात नळ, गॅसचे दिवे, जमिनीखालून गटारं, बाहेर हिरवळ, थिएटर, ग्रंथालय. सांडपाणीसुद्धा वाया घालवलं नाही. ते पंपाने कंपनीच्या शेतावर जायचं आणि त्यावर भाजीपाला पिकायचा. याला म्हणतात धंदा.

इथे थोडं खरं बोलायला हरकत नाही. शिकागोतल्या कामगारवस्त्यांच्या मानाने ही घरं खरोखरच चांगली होती. तेव्हा तुम्हीही कंजूषपणा करू नका, घर चांगलंच बांधा. फक्त ते कामगाराला विकू नका. ज्याचं घर स्वतःचं, तो उद्या तोंड वर करून बोलतो. भाड्याने द्या, आणि दहा दिवसांच्या नोटिशीवर घर खाली करून घेता येईल असं करारात लिहा. भाडं आजूबाजूच्या वस्तीपेक्षा चढं ठेवा. कामावर घेताना गावातल्या भाडेकरूंना झुकतं माप आहे असं कानोकानी होऊ द्या, म्हणजे सक्ती करावी लागत नाही. गॅसही तुमचाच असू द्या. शेजारच्या हाइड पार्कमध्ये ७५ सेंटला मिळणारा गॅस आम्हाला सव्वादोन डॉलरला पडतो, अशी तक्रार कामगारांनी पुढे केली. तक्रार कसली, प्रशस्तिपत्रच ते.

धर्मकार्यालाही सूट नको. साहेबांनी हिरव्या दगडाचं सुरेख चर्च बांधलं आणि त्याचं भाडं असं लावलं की वर्षानुवर्षं ते घ्यायला कुठलाच पंथ पुढे येईना. शेवटी देव परवडला, जागा परवडली नाही. ग्रंथालयाला वर्गणी. दारू फक्त हॉटेल फ्लॉरेन्सच्या बारमध्ये, म्हणजे पाहुण्यांना. कामगारांची नीतिमत्ता जपली पाहिजे. १८८५ साली रिचर्ड इली नावाचे एक अर्थशास्त्रज्ञ गाव बघून गेले आणि मासिकात लेख लिहिला. टापटिपीचं कौतुक केलं, पण शेवटी ही सद्हेतूची का असेना, सरंजामशाहीच आहे असं लिहून बसले. विद्वानांना एवढं मनावर घेऊ नये. १८९३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं तेव्हा पाहुणे वाट वाकडी करून हे आदर्श गाव पाहायला येतच होते.

आता खरी परीक्षा. त्याच वर्षी अमेरिकेत मंदी आली, बँका बुडाल्या, डब्यांना मागणी उरली नाही. अशा वेळी घाबरू नका. पगार कापा, साहेबांनी सरासरी पाव हिस्सा कापला. भाडं मात्र एका सेंटनेही कमी करू नका. कुणी विचारलंच तर शांतपणे समजावून सांगा की कारखाना हे एक खातं आणि गाव हे वेगळं खातं. पगार देणारे आम्ही मालक म्हणून, भाडं घेणारे आम्ही घरमालक म्हणून, आणि या दोघांची एकमेकांशी ओळख नाही. हिशेबात हे किती शोभून दिसतं ते पाहा: जुलै १८९३ला संपलेल्या वर्षी मजुरीवर ७२ लाख डॉलर खर्च झाले होते, पुढच्या वर्षी सुमारे ४५ लाख. आणि भागधारकांचा लाभांश? २५ लाख २० हजारांवरून २८ लाख ८० हजार. मंदीची झळ सर्वांनी मिळून सोसायची असते. कोणी किती, एवढंच ठरवायचं.

पगाराच्या दिवशी दोन चेक द्यायचे. एक भाड्याचा, दुसरा उरलेल्या रकमेचा. भाड्याचा चेक कामगाराने तिथेच सही करून परत करायचा. माणसाच्या हातातून पैसे गेल्याचं समाधान त्यालाही मिळतं. एकाला भाडं जाऊन जो चेक उरला तो दोन सेंटचा होता. त्याने तो वटवलाच नाही, चौकट करून ठेवला. जेनी कर्टिस नावाची शिवणकाम करणारी एक मुलगी होती. तिचा बाप वर्षानुवर्षं याच कंपनीत राबला आणि वारला तेव्हा भाड्याचे ६० डॉलर देणं लागत होता. ते कंपनीने मुलीच्या पगारातून फेडून घ्यायला सुरुवात केली. भावनेच्या भरात माफ करून टाकलं असतं तर हिशेबाची वही कायमची बिघडली असती.

कामगारांचं शिष्टमंडळ भेटायला येईल. जरूर भेटा, चार शब्द गोड बोला. मे १८९४मध्ये असे लोक येऊन गेले आणि त्यातल्या तिघांना लगेच काम नसल्याचं सांगण्यात आलं. योगायोग, दुसरं काय! ११ मेला संप झाला. लवाद नेमा असं जो तो सांगू लागला, तेव्हा लवादाकडे देण्याजोगं काही नाहीच, असं कंपनीचं उत्तर होतं. हे वाक्य पाठ करा.

यूजीन डेब्सच्या रेल्वे कामगार संघटनेने २६ जूनपासून पुलमनचे डबे ओढणं बंद केलं आणि २७ राज्यांत गाड्या अडकल्या. अशा वेळी स्वतः लढायचं नाही, सरकारला लढवायचं. देशाचे महान्यायवादी रिचर्ड ओल्नी हे मूळचे रेल्वे कंपन्यांचे वकील, ही सोय आधीच झालेली होती. पुलमनच्या डब्यांना टपालाचा डबा जोडायचा. मग पुलमन अडवला की सरकारी डाक अडवली. वड्याचं तेल वांग्यावर कसं काढावं याचा हा वस्तुपाठ. मनाई हुकूम मिळवताना १८९०चा शर्मन कायदाही उपयोगी पडला. तो झाला होता बड्या कंपन्यांची मक्तेदारी मोडण्यासाठी. सापडली कामगार संघटना. इलिनॉयचे गव्हर्नर आल्टगेल्ड नको नको म्हणत असताना शिकागोत केंद्राचं सैन्य उतरलं, तेही ४ जुलैला, स्वातंत्र्यदिनी. माणसं मेली, डेब्स सहा महिने तुरुंगात गेला, संप मोडला.

मात्र कामगारांचा सन्मान करायला विसरू नका. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी कामगार दिनाच्या सुट्टीवर सही केली ती २८ जूनला, बहिष्कार सुरू झाल्यावर दोन दिवसांनी. सप्टेंबरमधला पहिला सोमवार. शिकागोच्याच १८८६च्या आंदोलनाची आठवण म्हणून आपण महाराष्ट्र दिनाबरोबर १ मेला कामगार दिन साजरा करतो. खुद्द शिकागोत त्या दिवशी कचेऱ्या उघड्या असतात.

डब्यातल्या नोकरांबद्दल सांगायचं राहिलंच. त्यासाठी साहेबांनी नुकतेच गुलामीतून सुटलेले काळे लोक घेतले. पगार तुटपुंजा, बाकी प्रवाशांच्या बक्षिशीवर भागवायचं. प्रवासी सर्रास सगळ्यांना ‘जॉर्ज’ म्हणून हाक मारत, मालकाच्या नावाने, जशी गुलामाला मारत. आणि डेब्सच्या संघटनेत काळ्यांना प्रवेशच नव्हता. कामगारांत फूट पाडायची मेहनत दर वेळी तुम्हालाच करावी लागते असं नाही. ती कधीकधी फुकट मिळते. या लोकांनी पुढे १९२५मध्ये फिलिप रँडॉल्फच्या नेतृत्वाखाली स्वतःची संघटना काढली, तरी कंपनीने करारावर सही करायला १९३७ उजाडवलं. घाई म्हणून करायची नाही.

१८९७ साली साहेब गेले. कामगार थडगं उकरतील या धास्तीने घरच्यांनी शिशाचं अस्तर लावलेली पेटी काँक्रीटमध्ये पुरली आणि वरून पोलादी रूळ टाकले. त्या खर्चाची तरतूद आधीच करून ठेवा. खरा घोटाळा पुढच्या वर्षी झाला. कंपनीच्या सनदेत डबे बनवायची परवानगी आहे, गाव चालवायची नाही, असं इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं आणि कारखान्याला न लागणारी घरंदारं विकायला लावली. तेव्हा कंपनीची नोंदणी करताना वकिलाला आठवणीने सांगा: उद्दिष्टांच्या यादीत ‘व तदनुषंगिक सर्व कामे’च्या आधी ‘गाव चालवणे’ एवढे दोन शब्द टाकून घ्या. त्याची फी वेगळी पडत नाही.