पोनींना ब्लँकेट, गूळ आणि रम? त्या फिरणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

थंडी पडली की तो मेसेज परत फिरायला लागतो. वर लिहिलेलं असतं "पुण्यात पारा ८ वर, उघड्यावर मुके घोडे कुडकुडतायत, वाचवा", आणि खाली सहा सूचना: ब्लँकेट पांघरा, गूळ-चणे-बाजरी खायला घाला, थंड पाणी कमी करा, रात्री दोन झाकण रम पाजा, तबेला चारी बाजूंनी बंद करून आत शेकोटी करा, रोज गरम पाण्याने आंघोळ घाला. सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या ग्रुपवर आला, नातेवाइकांनी वेगळा पाठवला. आम्ही सिंहगडाच्या पायथ्याकडे पोनींचा कळप सांभाळतो, गडावर जाणारी माणसं गाडी थांबवून कुंपणावरून गूळ नि ब्रेड टाकतात, आणि त्यामागे नुसती माया असते हे मला माहितीये. पण त्या सहाही सूचना जशाच्या तशा पाळल्या तर जनावर आजारी पडेल, एखादं जाईलसुद्धा, म्हणून एकेक घेते.

पुण्याची थंडी घोड्याला सोसत नाही

सोसते. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे ८ ते १२ डिग्री असतं, शिवाजीनगर-पाषाणला कमी, मगरपट्ट्याला त्याच रात्री चार-पाच डिग्री जास्त, आणि दुपारी सगळीकडेच २८-३०. पोटभर खाल्लेल्या, कोरड्या, धडधाकट मोठ्या घोड्याला साधारण ५ डिग्रीपर्यंत अंग गरम ठेवायला वेगळी ताकद लावावीच लागत नाही, आणि हे सौम्य हवेतल्या घोड्यांचं झालं, थंडीला सरावलेली तर उणे १५ पर्यंत नीट राहतात. लडाखची झांस्करी तट्टं बर्फात ओझी वाहतात. एवढं लांब कशाला, दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघालेले धनगर बघा ना, त्यांची भीमथडी तट्टं दिवसभर सगळा संसार पाठीवर घेऊन चालतात आणि रात्री वाघरीशेजारी, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळीशेजारी, उघड्या माळावरच उभी असतात.

दिवस लहान व्हायला लागला की यांच्या अंगावर हिवाळ्याचा केस भरायला लागतो, आणि त्याला मुख्यतः उजेडाचे तास कारण असतात, त्यामुळे थंडी यायच्या आधीच तयारी झालेली असते. पहाटे आमची तांबडी घोडी बघितली तर केस उभे राहून ती जाडजूड दिसते, केसांच्या टोकांवर दव असतं, पण बोटं आत घातली की मुळाशी अंग कोरडं आणि चांगलं गरम लागतं. त्या उभ्या केसांत अडकलेली हवाच थंडी अडवते.

ब्लँकेट पांघरा

ब्लँकेटने पहिली गोष्ट होते ती म्हणजे तेच उभे केस चपटे होतात. आणि लोक आणून देतात ती घरातली जुनी पॉलिस्टरची, सुतळीने पोटाखाली बांधलेली, सकाळी दवाने ओली, अकरानंतर उन्हात आत घाम, संध्याकाळी तो घाम वाळायच्या आत परत गारवा, म्हणजे कोरडं असलेलं जनावर आपण हाताने ओलं केलं. वर खांद्याच्या उंचवट्यावर घासून जखम होते, सुतळीत पाय अडकतो तो वेगळाच.

झूल लागते, नाही असं नाही. केस कापलेला घोडा, म्हातारं, आजारी, अगदी कोवळं शिंगरू, हडकलेलं जनावर यांना घालायचीच, पण मापाची, आणि ऊन चढलं की काढायची. हडकलंय की नाही ते लांबून बघून कळत नाही कारण हिवाळी केस बरगड्या लपवतो, आम्ही आठवड्यातून एकदा प्रत्येकीच्या बरगड्यांवर हात फिरवून बघतो.

थंड पाणी कमी करा, पोटात दुखतं

या एका ओळीसाठी हे सगळं लिहायला बसले. पाणी कमी झालं की पोटात दुखतं, पाणी प्यायल्याने नाही. हिवाळ्यात हिरवा चारा कमी होतो आणि कडबा, वाळलं गवत वाढतं. हिरव्या गवतात भरपूर पाणी असतं, कडब्यात जवळपास नसतंच, म्हणजे खाण्यातून मिळणारं पाणी गेलं आणि त्यात हौदातलं गार लागतं म्हणून पोनी आपणहूनच कमी पितात. वरून आपणही तोडलं तर आतड्यात चारा घट्ट होऊन अडकतो. घोड्याला ओकारी जवळपास येतच नाही, अडकलेलं वरून बाहेर पडायला वाटच नसते, आणि वेळेत डॉक्टर पोचला नाही तर जनावर हातचं जातं.

२०० किलोच्या पोनीला दिवसाला निदान दहा लिटर पाणी लागतं, सुक्या चाऱ्यावर त्याहून जास्त, आणि शिंगरू पाजणाऱ्या घोडीला तर खूपच जास्त. आम्ही सकाळी हौदात थोडं गरम पाणी ओतून गारठा मोडतो, कोमट झालं की त्या जास्त पितात हे समोर दिसतं. मिठाचा खडा दावणीजवळ कायम असतो, कडब्याची कुट्टी करून त्यावर पाणी शिंपडतो, त्याने धूळही बसते. आणि रोज सकाळी पहिलं काम म्हणजे लीद बघणं. ओलसर, पायाने सहज फुटणारे गोळे असले की बरं वाटतं. लहान, कडक, चकचकीत गोळे दिसले किंवा रात्रीतून लीदच नाही, पोनी पुढच्या पायाने माती उकरतीये, वळून पोटाकडे बघतीये, चारा सोडलाय, तर घरगुती काढे करत बसायचं नाही, लगेच डॉक्टर.

गूळ, चणे, बाजरी गरम पडतात

आपल्या स्वयंपाकघरातलं उष्ण-थंड इथे लावू नका. घोड्याला ऊब मिळते ती कडब्या-गवताच्या तंतूंपासून. मोठ्या आतड्यात जंतू तो चारा तासन् तास आंबवत असतात आणि त्यातून सतत उष्णता निघते, रात्रभर पेटलेल्या शेगडीसारखी. म्हणून थंडी जास्त वाटली तर संध्याकाळी कडब्याची एक पेंढी जास्त टाकायची, चंदी म्हणजे धान्याचा खुराक नाही. हिशोब सोपाय, वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा, म्हणजे २०० किलोच्या पोनीला रोज तीन-चार किलो.

धान्य आणि गूळ एकदम जास्त गेला तर तो मोठ्या आतड्यात पोचून आम्ल होतं आणि लॅमिनायटिस होऊ शकतो. खुराच्या आतलं हाड जागेवर धरून ठेवणारे पापुद्रे सुजतात, खूर गरम लागतो, जनावर भार मागच्या पायांवर टाकून उभं राहतं, पाऊल टाकताना कण्हतं. पोनींना हा धोका मोठ्या घोड्यांपेक्षा जास्त, कारण त्यांची जातच थोडक्यात भागवणारी, जरा गोड जास्त झालं की अंगावर चढतं. संक्रांतीला लोक तिळगूळ घेऊन येतात, लहान मुलं हात पुढे करतात, नाही म्हणताना मला जड जातं तरी मी नाही म्हणते. एकीला एक वडी, ठीक. पण दिवसभरात पन्नास माणसं येतात आणि प्रत्येकाला वाटतं आपण एकच दिली.

दोन झाकण रम

नको. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात, वरून गरम वाटतं आणि आतली उष्णता उलट बाहेर जाते. शिवाय तोंड वर धरून बाटली ओतली की पातळ पदार्थ फुप्फुसात जाऊ शकतो, मग न्यूमोनिया.

तबेला बंद, आत शेकोटी

बंद तबेल्यात मुताचा अमोनिया साठतो. खरं बघायचं असेल तर पहाटे आत जाऊन पोनीच्या तोंडाच्या उंचीला वाका, डोळे चुरचुरले तर ती रात्रभर तेच श्वासात घेत होती. त्यात कडब्याची धूळ, शेकोटीचा धूर, आणि वाळल्या वैरणीशेजारी विस्तव. आमच्याकडे वरती पत्रा, तीन बाजूंना आडोसा, चौथी उघडी, खाली कोरडी जमीन, बास. आणि त्यातही बऱ्याचदा त्या आपल्या मर्जीने बाहेरच उभ्या असतात, वाऱ्याकडे पाठ करून, एकमेकींना चिकटून.

आंघोळीचं थोडक्यात: हिवाळ्यात नाही. खरारा करा, माती निघते आणि केस मोकळा राहतो.

ज्यांना खरंच थंडी बाधते ती जनावरं मात्र त्या मेसेजमध्ये कुठेच नाहीत. वरातीचा घोडा, रात्री अकरापर्यंत बँडसमोर घामाघूम होऊन तसाच टेम्पोत चढवला जातो, त्याला आधी चालवून, गोणपाटाने घासून वाळवायला हवं आणि मगच झूल. जानेवारीतला अवकाळी पाऊस आणि वर वारा, कारण भिजलेला केस थंडी अडवू शकत नाही, तेव्हा आडोसा लागतोच. दात झिजलेली म्हातारी घोडी, जिला कडबा चावता येत नाही, तिला भिजवलेली कुट्टी. आणि कळपातली सगळ्यात दबकी पोनी, बाकीच्या तिला चाऱ्यावरून हाकलतात, म्हणून आम्ही जितक्या पोनी त्याहून दोन-तीन ढीग जास्त आणि लांब लांब टाकतो, म्हणजे हाकलली तरी तिला पुढचा ढीग असतो.

काही द्यायचंच असेल तर ब्लँकेट आणि गुळाचे पैसे कडब्याला द्या, हिवाळ्यात कडबा विकत घेणं हाच पोनी पाळणाऱ्याचा मोठा खर्च असतो. कुंपणावरून टाकू नका, जो सांभाळतो त्याच्या हातात द्या, कुठली पोनी काय खाते हे त्याला माहिती असतं. आणि तो मेसेज परत आला तर निदान पाण्याची ओळ काढून मगच पुढे पाठवा.