एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर : बिल, वायरी, उशीर आणि अलार्म

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री मुलाने वाचून दाखवला, आज सकाळी चहा घेताना मी परत स्वतः वाचला. "असुविधेबद्दल क्षमस्व" एवढं टाकून मोकळं होता आलं असतं पण मग जे खरं चुकलंय ते पण त्यातच दबून जाईल आणि जे चुकलेलं नाही ते पण. त्यामुळे उत्तर लांबलंय, सांभाळून घ्या.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात, साहेबांची ३३ फुटी शिडाची बोट, २००८ ची, मे मध्ये पावसाळ्यासाठी माझगावला आमच्या बोटदुरुस्तीच्या यार्डात पाण्याबाहेर वर घेतली. त्यांचं म्हणणं असं की एस्टिमेट १,९०,००० चं दिलं आणि बिल ३,४२,००० चं लावलं, न विचारता मास्ट म्हणजे डोलकाठी धरून ठेवणाऱ्या सगळ्या वायरी बदलल्या, कोजागिरीला देतो म्हणून भाऊबीजेला दिली, खाली एका ठिकाणी रंगच मारला नाही, आणि पहिल्याच ट्रिपला मांडव्याला जाताना इंजिन तापलं. आणि शेवटी, "चार महिने बोट नुसती उभी होती, उभ्या बोटीला एवढा खर्च कसला?"

आधी इंजिन, कारण तिथे चूक आमची आहे. त्या दिवशी बोट ओढून आणल्यावर आमचा पोरगा पाण्यात उतरला तर सेलड्राइव्हच्या पायाला (इंजिनचा बोटीखाली पाण्यात उतरणारा, पंखा असलेला भाग) प्लास्टिकची मोठी पिशवी गुंडाळलेली, जिथून इंजिन समुद्राचं पाणी ओढतं ती भोकं सगळी झाकलेली. आता पिशवी काय आम्ही नाही बांधली, गेटवेसमोरून जो जो जातो त्याला हार्बरमध्ये काय काय तरंगतं ते माहितीये. इम्पेलर, म्हणजे ते पाणी ओढणारा रबरी पंखा, ऑक्टोबरमध्ये नवाच टाकला होता (जुना मे मध्येच काढून ठेवतो, नाहीतर रबराची पाती चार महिने एकाच जागी दबून वाकडीच राहतात), पण पाणीच नाही म्हटल्यावर नवा काय आणि जुना काय, कोरडा फिरला की मिनिटांत जळतो. इथपर्यंत आमचा दोष नाही. पण सर, पाणी बंद झाल्यावर अलार्म वाजायला पाहिजे होता, आणि तो वाजला नाही कारण हीट एक्स्चेंजर (त्या पाण्याने इंजिन थंड करणारा भाग) साफ करताना आम्ही टेंपरेचर सेन्सरची वायर काढली आणि परत लावलीच नाही. टेप गुंडाळून इंजिनच्या बाजूला लटकत होती. मी स्वतः बघितली. पिशवी समुद्राची, अलार्म आमचा. तुम्हाला वाफ दिसल्यावर कळलं, ते अलार्मने आधी कळायला पाहिजे होतं. टोइंगचा खर्च, नवा इम्पेलर, कॉम्प्रेशन चेक, यातलं काहीच तुमच्याकडून घेतलेलं नाही, ते तुम्ही लिहिलं नाहीत पण ठीक आहे, तुमच्या जागी मी पण नसतं लिहिलं. आता कुठलीही बोट देताना चावी फिरवून ती सेन्सरची वायर बॉडीला टेकवून अलार्म वाजवून दाखवल्याशिवाय सोडत नाही.

आता वायरी. यात तुम्ही जास्त चिडलेले आहात आणि यात मला जास्त बोलायचंय.

मास्ट उतरवल्यावर आम्ही प्रत्येक वायरवरून कापूस फिरवतो. साधा मेडिकलवाला कापूस. १९ तारांची वायर असते, त्यातली एखादी तार तुटली असेल तर डोळ्याला दिसत नाही पण कापसाचा धागा अडकून राहतो. तुमच्या डाव्या बाजूच्या खालच्या वायरला, डेकपासून वीतभर वर, कापूस अडकला. मग फिटिंगचं तोंड, म्हणजे जिथे वायर नळीत दाबून बसवलेली असते ती जागा, टूथब्रशने घासली तर चहाच्या डागासारखा गंज आला, तो पुसल्यावर नळीला उभी चीर, केसाएवढी. भिंगाखाली धरली तर नख अडकेल अशी. खारं पाणी वायरवरून ओघळत त्या नळीत जातं आणि तिथेच बसून राहतं, आत हवा नाही, स्टेनलेसला स्टेनलेस राहायला हवा लागते, म्हणून वरून चकचकीत आणि आतून पोखरलेलं. २००८ ची बोट, वायरी बदलल्याचं एकही बिल तुमच्या फाइलमध्ये नव्हतं. साधारण दहा-बारा वर्षं धरतात सगळीकडे, आणि आपल्याकडचं ऊन आणि खारी हवा बघता मी दहाच धरतो. एक चिरलेली म्हणजे बाकीच्या तिच्याच वयाच्या, त्याच समुद्रातल्या. फक्त एक बदलून दिली असती तर बिल कमी झालं असतं आणि तुम्ही पाच स्टार दिले असते, आणि तुम्ही गोव्याला बोट नेताना तुमचा फोन येईल या भीतीने मला झोप लागली नसती.

पण विचारायला पाहिजे होतं. मी तुम्हाला त्या चिरेचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला, खाली लिहिलं "सगळ्या बदलाव्या लागतील, १,१८,००० होतील", दोन निळ्या टिका आल्या आणि तोच होकार समजून मी वायरी कापल्या. तुम्ही तेव्हा प्रवासात होतात, फोटो उघडला गेला, नीट बघितला गेला नसेल. लाखाच्या कामाला निळ्या टिका चालत नाहीत, फोन करायला पाहिजे होता. हे माझं चुकलं. वायर बदलण्याचा निर्णय चुकला असं मात्र मी म्हणणार नाही.

नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात तोच शॅकल (जोडायची कडी) पावपट किमतीत मिळतो असंही तुम्ही लिहिलंय. मिळतो, मी पण नागदेवीला जातो, चांगला माल पण असतो तिथे. फक्त स्टेनलेस ३०४ ग्रेडचं आहे की ३१६ ते विचारून आणि सर्टिफिकेट बघून घ्यायचा, चुंबक लावून कळत नाही कारण सहसा दोन्हीला चुंबक चिकटत नाही. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या पाण्यात तेच टिकवतं. घरच्या ग्रिलला ३०४ लावा की बिनधास्त.

उशिराचं. मे मध्ये "कोजागिरीला देतो" असं मी सवयीने बोलून गेलो, कॅलेंडर न उघडता, आणि कोजागिरी निघाली ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात. हवामान खात्याच्या हिशोबातसुद्धा पाऊस मुंबईतून ८ ऑक्टोबरच्या आसपास जातो, आणि जाताना रोज दुपारी गडगडाट करून जातो. खालचा अँटीफाउलिंग पेंट (शेवाळ आणि बार्नॅकल, म्हणजे कवचाचे बारीक जीव, धरू नयेत म्हणून मारतात तो) ओल्या बोटीवर मारता येत नाही. नुसतं पाऊस थांबलाय म्हणून पण नाही, बोटीचा पृष्ठभाग दवबिंदूच्या निदान ३ अंश वर पाहिजे, नाहीतर पेंटखाली ओल राहते आणि पेंट जानेवारीत पापुद्र्याने निघतो. तेव्हा तुम्हीच मला परत एक स्टार देणार.

बरं पेंट कोजागिरीनंतर चार दिवसांनी झाला मग लगेच का नाही उतरवली, हा तुमचा प्रश्न. कारण तुमची बोट ६ फूट पाण्यात बसते आणि आमच्या धक्क्याला ओहोटीला चिखल दिसतो. उधाणाला भरती साडेचार मीटरच्या आसपास चढते तेव्हाच क्रेनखाली तुमच्या कीलला (बोटीच्या पोटाखालच्या जड पात्याला) पाणी मिळतं, भांगाला म्हणजे अष्टमीच्या सुमारच्या छोट्या भरतीला साडेतीनच्या आतबाहेर, तेव्हा उतरवली तर गाळात रुतून बसेल. पौर्णिमेचं उधाण हुकलं की पुढचं अमावस्येला, आणि ती अमावस्या म्हणजे लक्ष्मीपूजन. क्रेनवाला गावी. भाऊबीजेला सकाळी बहिणीकडून ओवाळून घेऊन तो आला, द्वितीया, आमच्या वडिलांच्या हिशोबाने तिथीची पाऊणपट म्हणजे दीड वाजता भरती, एक चाळीसला बोट पाण्यात. वडील कोळ्यांच्या मचव्यांच्या फटीत कापूस ठोकून भरायचे, त्यांना भरतीचं टेबल कधी लागलं नाही. मला मोबाइल असून कोजागिरी कधी आहे ते बघायचं सुचलं नाही, असो.

रंग न मारलेली जागा मुद्दाम सोडलीये. सेलड्राइव्हचा पाय अ‍ॅल्युमिनियमचा आणि बोटीच्या पेंटमध्ये तांबं, दोघं खाऱ्या पाण्यात एकमेकांना लागले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. म्हणून भोवती दोन बोटं गॅप, आणि पायाला बिनतांब्याचा वेगळा पेंट. तिथे थोडे बार्नॅकल धरतील, ते लाकडी पट्टीने खरवडा, पाय नवा घेण्यापेक्षा स्वस्त पडतं. पुढच्या वेळी सोडलेल्या जागेचा फोटो आधीच पाठवीन म्हणजे गैरसमज नको.

"नुसती उभी होती" याच्यावर मला मनापासून हसू आलं, राग नका मानू. ताडपत्रीखाली जुलैमधे एकदा केबिनचं दार उघडून बघा सर. गाद्यांवर बुरशी, कपाटाच्या बिजागरीवर हिरवं, डिझेलची टाकी अर्धी ठेवली तर वरच्या मोकळ्या जागेत हवेची ओल धरून टाकीत पाणी (तुमची काठोकाठ भरली, ते डिझेल बिलात आहे), बॅटऱ्या न वापरता पण उतरतात म्हणून दर पंधरवड्याला चार्ज. तुमच्या पुढच्या शिडाचं कापड उत्तम आहे पण कडेच्या निळ्या पट्टीची शिवण मी अंगठ्याच्या नखाने खरवडली तर दोरा पिठासारखा तुटला, उन्हाने मेलेला. पट्टी सुटली असती की शीड फाटायला एक झुळूक पुरे. त्याचे २२,००० आणि झिंक, होज वगैरेचे १२,०००, वायरींचे १,१८,०००, झाला तुमचा १,५२,००० चा फरक. वेगळं काही लपवलेलं नाही.

मे च्या पहिल्या आठवड्यातच बोट काढायला लावली, तीन वीकेंड गेले, हे पण आहे रिव्ह्यूमध्ये. सर, तौक्ते १७ मे २०२१ ला बाजूने गेलं तेव्हा कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचे झोत होते, आणि निसर्ग ३ जून २०२० ला श्रीवर्धनजवळ धडकलं. तेव्हापासून १० मे नंतर माझ्या भरवशावर एकही बोट मुरिंगवर (पाण्यात बांधून) राहत नाही, वाद घाला नाहीतर दुसरीकडे न्या.

नांगराच्या साखळीचा टोमणा मात्र लागला. "३० मीटर असताना ५० ची विकायला बघत होते." साखळी खोलीच्या पाचपट धरली तर ओहोटीला ५ मीटर पाणी आणि नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) उंची १ मीटर, सहा पाचे तीस, तुमची ३० मीटर बरोबर. पण तिथेच उधाणाला ९ मीटर पाणी होतं, अधिक १, दहा पाचे पन्नास. संध्याकाळी नांगर टाकून जेवून झोपलात की मध्यरात्री बोट हलायला लागते ती ही वीस मीटर. गोव्याकडे भरती-ओहोटीतला फरक बराच कमी, तिकडे ३० वर भागेल कदाचित, पण जाताना-येताना रात्र मुंबईच्या बाजूला पण पडणारच. साखळी घेऊच नका माझ्याकडून, कुठूनही घ्या, ५० घ्या.

आता हिशोब. वायरींची मजुरी २६,००० होती ती परत करतोय, न विचारता कापल्याबद्दल. मालाचे पैसे नाही सोडू शकत, ते मी पण भरलेत. रिव्ह्यू काढा असं म्हणणार नाही, इंजिन तापल्याचं लिहिलंत ते राहू दे.

तुमच्या जुन्या वायरी गुंडाळून, तुमच्या बोटीच्या नावाची चिठ्ठी लावून मागच्या खोलीत टांगून ठेवल्यात, भंगारवाला दोनदा विचारून गेला, दिल्या नाहीत. सोमवार सोडून कधीही या, अकरानंतर. कापूस मी आणून ठेवतो, डावी खालची कुठली ते सांगणार नाही, तुम्हीच हात फिरवून शोधा.