कोमांडांट म्हणजे कमांडर नव्हे, काका!

‘जर्मन नौदलातली पदं, सोप्या इंग्रजीत’ हा तक्ता काकांनी घरच्या ग्रुपवर टाकला. एरवी अंगठा टाकून मी मोकळा झालो असतो. पण पुतणी शाळेत नेताजींच्या पाणबुडीप्रवासावर बोलणार आहे, आणि तिने तो वहीत जसाच्या तसा उतरवलाय, स्केचपेनच्या चौकटीसकट.

तक्त्यातलं सगळ्यात अचाट विधान: ‘कोर्व्हेटनकापिटेन कॉर्व्हेट चालवतो, फ्रेगाटनकापिटेन फ्रिगेट.’ (कॉर्व्हेट आणि फ्रिगेट या युद्धनौकांच्या जाती.) मग आपल्या सुभेदाराला आजही सुभा देतात का? शिडाच्या जहाजांच्या काळात ही नावं पडली. जहाजं गेली, पदं उरली. कोर्व्हेटनकापिटेन म्हणजे लेफ्टनंट कमांडर, फ्रेगाटनकापिटेन म्हणजे कमांडर, आणि कापिटेन त्सुर झे म्हणजे खरा कॅप्टन. १४ ऑक्टोबर १९३९ ला स्कापा फ्लो या ब्रिटिश नौदलाच्या तळात शिरून ‘रॉयल ओक’ ही युद्धनौका बुडवणारा ग्युंटर प्रीन कापिटेनलॉइटनांट होता आणि त्याच्या हाती होती पाणबुडी, यू-४७. पुढे तो कोर्व्हेटनकापिटेन झाला, तेव्हा त्याला कुणी कॉर्व्हेट आणून दिली नाही.

‘कापिटेनलॉइटनांट म्हणजे कॅप्टन.’ बरं, याला अर्धा मार्क. लष्करातल्या कॅप्टनच्या तोडीचा, हे खरं. पण लष्करातला कॅप्टन म्हणजे नौदलातला लेफ्टनंट, आणि नौदलातला कॅप्टन म्हणजे लष्करातला कर्नल. आपल्याकडेही हाच हिशेब आहे. तक्तेवाल्याने खाकी आणि पांढरे गणवेश एकाच खुंटीला टांगलेत. शंका असेल तर नाटोचं स्टॅनॅग २११६, म्हणजे सदस्य देशांची लष्करी पदं जुळवणारं मानक, काढून बघा; त्यात ओएफ म्हणजे अधिकाऱ्यांची श्रेणी, आकडा मोठा तितकं पद वरचं: कापिटेनलॉइटनांट ओएफ-२, कोर्व्हेटनकापिटेन ओएफ-३, फ्रेगाटनकापिटेन ओएफ-४, कापिटेन त्सुर झे ओएफ-५. हे आकडे आजचे, पण या चौघांची उतरंड महायुद्धातही हीच होती.

खरं नुकसान केलंय ते ‘कोमांडांट = कमांडर’ या ओळीने. कोमांडांट हे पदच नाही, ती जबाबदारी आहे. युद्धनौका ज्याच्या हाती तो कोमांडांट, पद कुठलंही असो. ‘बिस्मार्क’ या जर्मन युद्धनौकेचा कोमांडांट एर्न्स्ट लिंडेमान कापिटेन त्सुर झे होता, तर कित्येक पाणबुड्यांचे कोमांडांट नुसते ओबरलॉइटनांट, म्हणजे कापिटेनलॉइटनांटच्याही खालचे. पुतणीच्या वहीत वेर्नर मुझेनबर्ग एका ओळीत कमांडर आणि खालच्या ओळीत कॅप्टन झालेत ते यामुळेच. फेब्रुवारी १९४३ मध्ये नेताजी आणि त्यांचे सहकारी आबिद हसन यांना घेऊन जर्मनीतल्या कील बंदरातून निघालेल्या यू-१८० चे ते कोमांडांट. एप्रिलअखेर मादागास्करजवळ दोघे जपानी पाणबुडी आय-२९ वर गेले. मुझेनबर्गना मराठीत कप्तान म्हणा, खुशाल. पण कापिटेन त्सुर झे ते नव्हते.

बाकीचं झटपट. कोंटरअडमिराल म्हणजे साधा रिअर ॲडमिरल, तो कुणाला ‘काउंटर’ देत नाही. ग्रोसअडमिराल हे नौदलातलं सर्वोच्च पद हिटलरने काढलेलं नाही. कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या काळात, १९०५ मध्येच, हान्स फॉन क्योस्टर ग्रोसअडमिराल झाले होते. ‘त्सुर झे’चा अर्थ ‘समुद्रावरचा’, हे मात्र तक्त्यात बरोबर आहे. चला, एक तरी.

पुतणीने ते पान फाडलं. नव्या पानावर आधी चौकटच काढतेय. काका, तक्ता आणखी कुणाकुणाला पाठवलात तेवढं सांगा.