वाजवी मुदत

भाड्याच्या घरात काही बिघडले तर ते दुरुस्त कोणी करायचे, हा प्रश्न ऐकायला सोपा आहे, आणि घर ज्याचे त्याने करायचे, हे त्याचे उत्तर त्याहून सोपे आहे. प्रत्यक्षात मात्र बिघाड झाल्याचे कळवताच घरमालक आधी बिघाडाचे अस्तित्वच नाकारतात. ते मान्य करण्यावाचून गत्यंतर उरले नाही, की हा बिघाड पूर्वी नव्हता असे सांगतात. आणि जो पूर्वी नव्हता तो आपण राहायला आल्यावर झाला, म्हणजे आपणच केला, असा निष्कर्ष मग आपोआप निघतो. या निष्कर्षातला दोष मला दिसत नाही असे नाही. पण अनामत रक्कम त्यांच्याकडे असल्यामुळे मी तो फारसा मोठ्याने दाखवत नाही.

आमचे घरमालक स्वभावाने अत्यंत गोड होते. पहिल्याच भेटीत त्यांनी करारावर सह्या झाल्या झाल्या सांगितले होते, "मला घरमालक समजू नका, काका समजा." त्यांच्या या वाक्याने आम्ही भारावून गेलो, आणि इथेच त्यांनी आम्हाला कायमचे निःशस्त्र केले, कारण घरमालकाला गळक्या छताबद्दल खडसावता येते, काकांना फार तर तब्येतीची चौकशी करून झाल्यावर, जाता जाता, छताचाही उल्लेख करता येतो. काकांनी त्या उल्लेखाकडे जाता जाताच लक्ष दिले, यात त्यांचे काही चुकले असे म्हणता येणार नाही.

आम्ही राहायला आलो तेव्हा झोपण्याच्या खोलीतील बाहेरच्या भिंतीला ताजा रंग होता. बाकीच्या तीन भिंती जुन्या आणि एकच ताजी, याचे कारण विचारावे असे त्या वेळी कोणाच्या मनात आले नाही. उलट खोली कशी उजळ दिसते, यावर आमचे एकमत झाले. पहिल्या पावसात त्या भिंतीवर, छताच्या जरा खाली, हाताच्या पंजाएवढा करडा डाग उमटला. आठवड्याभरात तिथला रंग फुगला. बोटाने दाबला तर कडकड आवाज करत पोपडा सुटून खाली आला, आणि आतल्या गिलाव्यावर बारीक, पांढरा, बोटाला लागणारा लोणा दिसला. पाणी विटांतले आणि सिमेंटातले क्षार विरघळवत पृष्ठभागाशी येते, तिथे वाळून जाते आणि क्षार मागे ठेवते. त्यामुळे लोणा दिसला की पाणी भिंतीच्या आतून वाट काढत आले आहे, हे समजायला तज्ज्ञ लागत नाही. काका तर तज्ज्ञ होतेच. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून डागाकडे बराच वेळ पाहिले आणि मग त्याच्या खालच्या पुस्तकांच्या कपाटाकडे वळून म्हणाले, "एवढी पुस्तके भिंतीला टेकवून ठेवली, तर भिंतीने श्वास कुठून घ्यायचा?"

या विधानातली खरी पंचाईत ही, की त्यात तथ्याचा अंश असतो. थंड भिंतीला कपाट चिकटवून ठेवले, खोलीत हवा खेळती राहिली नाही, स्वयंपाकाची आणि ओल्या कपड्यांची वाफ आतच कोंडली, तर भिंतीवर दव धरते आणि बुरशीही येते. घरमालकांना ओलीचा हा एकच प्रकार ठाऊक असतो, कारण तो एकट्या भाडेकरूच्या अंगावर ढकलता येतो. भेगांतून आत शिरणारे पावसाचे पाणी, जमिनीतून विटांच्या सूक्ष्म छिद्रांवाटे वर चढणारी ओल, वरच्या मजल्यावरची फुटकी नळी हे प्रकार त्यांच्या अभ्यासक्रमात नसतात. मी कपाट खोलीच्या मधोमध आणून ठेवले. त्यामुळे रात्री उठून पाणी प्यायला जाताना ते गुडघ्याला लागू लागले. डाग मात्र आपल्या गतीने वाढत राहिला आणि आता त्याला दोन्ही बाजूंनी हवा मिळू लागली.

दव कोणते आणि आतून येणारी ओल कोणती, हे ओळखण्याची एक साधी पद्धत आहे. भिंतीवरचा एक वीतभर भाग कोरडा करून त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवायचा आणि दोनतीन दिवस थांबायचे. थेंब प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला जमले तर दोष खोलीतल्या हवेचा, म्हणजे पर्यायाने आमचा. भिंतीकडच्या बाजूला जमले तर दोष भिंतीचा. मी हा प्रयोग शास्त्रशुद्ध रीतीने केला, तुकड्यावर तारीख घातली, आणि थेंब भिंतीच्या बाजूला इतके स्वच्छ, टपोरे जमले की ते पाहून मला परीक्षेत पहिला आल्यासारखे वाटले. काकांना मुद्दाम बोलावून घेतले. त्यांनी प्लास्टिक पाहिले, थेंब पाहिले, तारीख वाचली, आणि अतिशय दुःखाने मान हलवत म्हणाले, "बघा, प्लास्टिक लावल्यावर भिंतीला घाम येणारच की हो!"

त्यानंतर काकांचा 'आपला माणूस' आला. प्रत्येक घरमालकाकडे असा एक आपला माणूस असतो. तो नळाचे, विजेचे, सुतारकामाचे आणि रंगाचे काम सारख्याच आत्मविश्वासाने करतो आणि या सर्व विद्यांत त्याचे साहित्य एकच असते, ते म्हणजे पांढरे सिमेंट. त्याने बोटाच्या पेराने भिंत ठोकली, कान लावला आणि पाणी वरून येत असल्याचा निर्वाळा दिला. वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाने आपल्या न्हाणीघराची फरशी कोरडी ठणठणीत असल्याचे दाखवून पाणी बाहेरच्या भिंतीतून येत असल्याचे सांगितले. बाहेरची भिंत पाहणाऱ्या गवंड्याने ती धडधाकट ठरवून गच्चीकडे बोट दाखवले. गंमत अशी की ही सगळी मंडळी एकाच वेळी बरोबर असू शकतात. पाणी जिथून शिरते तिथेच बाहेर पडत नाही. ते छताच्या उताराने, विजेच्या तारांच्या नळीतून, एखाद्या केसाएवढ्या भेगेतून लांबवर प्रवास करते आणि जिथे बाहेर पडायला सोपे जाईल तिथे प्रकट होते. आमच्या बाबतीत त्याला आमच्या उशाशी प्रकट होणे सोपे गेले होते.

आपल्या माणसाने पोपडे खरवडले, पांढरे सिमेंट थापले आणि वरून ओलीला रोखणारा म्हणून एक महागडा रंग फासला. पाण्याचा उगम न शोधता आतल्या बाजूने कितीही उत्तम रंग दिला, तरी मागून येणारे पाणी त्याला ढकलून देतेच. त्यामुळे पुढच्या पावसात पडलेले पोपडे अधिक जाड, अधिक चिवट आणि दर्जेदार होते. काका मात्र यापुढे प्रत्येक बोलण्यात "इतका खर्च केला" हे वाक्य घालू लागले. त्या काळात छताच्या कोपऱ्यातही एक तडा दिसू लागला होता. आतली सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि भोवतालचे काँक्रीट फोडून बाहेर पडतो, हे मी वाचून काकांना कळवले. त्यांनी उत्तरादाखल मला नमस्काराचे चित्र पाठवले.

स्वयंपाकघरातला नळही याच सुमारास ठिबकू लागला. त्यावर फार लिहिण्यासारखे नाही, कारण आतला वायसर बदलणे हे काही मिनिटांचे काम आहे आणि ते शेवटी मीच केले. मात्र करण्यापूर्वी, सेकंदाला एक थेंब या हिशेबाने वर्षाला तीन कोटी पंधरा लाखांहून अधिक थेंब होतात, हा आकडा मी काकांना लेखी कळवला होता. "तुम्हाला मोजायला वेळ बरा मिळतो," असे ते म्हणाले.

लेखी कळवण्याची सवय मला कायदा वाचल्यापासून लागली. १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०८व्या कलमात भाडेपट्ट्याने देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची कर्तव्ये दिलेली आहेत, आणि ती वाचताना पहिल्यांदा माझा ऊर भरून आला. जी दुरुस्ती करणे मालकावर बंधनकारक आहे ती त्याने सूचना मिळूनही वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरूने ती स्वतः करून घ्यावी आणि तिचा खर्च व्याजासह भाड्यातून वळता करावा, असे त्यात चक्क लिहिले आहे. व्याजासह! मी ते वाक्य पत्नीला दोनदा वाचून दाखवले. मग कलमाच्या सुरुवातीकडे लक्ष गेले. करारात किंवा स्थानिक रूढीत याच्या विरुद्ध काही नसेल तर, अशी अट तिथे शांतपणे बसलेली होती. आणि आमच्या करारात विरुद्ध नाही असे एकही कलम नव्हते. रूढीचा तर प्रश्नच नाही, ती काकांच्या बाजूने पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे.

पुढे वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. भाडेकरूच्या चुकीने काही दोष निर्माण झाला, तर सूचना मिळाल्यापासून तीन महिन्यांत त्याने तो भरून काढावा, अशी नेमकी मुदत त्याच कलमात घातलेली आहे. मालकासाठी मात्र नुसती वाजवी मुदत. म्हणजे आम्ही काच फोडली तर तारखा मोजायच्या, आणि छत गळले तर वाजवी म्हणजे किती, याचा विचार करत त्याच छताखाली आडवे पडायचे. काकांच्या मते वाजवी मुदत पाऊस थांबल्यावर सुरू होत असे, कारण ओल्या भिंतीचे काम करता येत नाही. आणि भिंत वाळली की संपत असे, कारण वाळलेल्या भिंतीत काम कसले करायचे?

घरमालकांची ही वृत्ती आजची आहे असे मात्र मी म्हणणार नाही. रोमचा विख्यात वक्ता सिसरो हाही घरमालक होता. इ. स. पू. ४४ मध्ये आपला मित्र ॲटिकस याला लिहिलेल्या पत्रात तो कळवतो, की आपली दोन दुकाने कोसळली आहेत, उरलेल्यांना तडे जात आहेत, आणि त्यामुळे भाडेकरूच नव्हे तर उंदीरसुद्धा जागा सोडून गेले आहेत. लोक याला संकट म्हणतात, आपण याला गैरसोयही मानत नाही, असे सांगून या नुकसानीतून फायदा कसा काढता येईल याची योजनाही तो त्याच पत्रात सूचित करतो. कर्तव्यावर ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाचे हे पत्र वाचून मला काकांबद्दल एकदम आदर वाटू लागला. शिवाय घर दाखवताना "इथे उंदीर औषधालासुद्धा सापडणार नाही" असे जे काकांनी अभिमानाने सांगितले होते, त्याचाही अर्थ तेव्हाच लागला.

आमचे स्वतःचे जे नुकसान झाले त्याचा हिशेब कोणत्याच करारात नसतो. कपाट हलवण्यापूर्वी मागच्या रांगेतली पुस्तके ओलीने फुगून एकमेकांना अशी चिकटली होती, की शब्दकोशाचा एक खंड आणि एक प्रवासवर्णन आजही आमच्याकडे संयुक्त ग्रंथ म्हणून नांदत आहेत. गादीची डोक्याकडची बाजू काळी पडली. याची भरपाई मागण्याचा विचार मी काकांच्या कानावर घातला, तेव्हा ते मायेने म्हणाले, "अहो, वस्तू काय, येतात आणि जातात. माणसे जपावीत."

घर सोडण्याच्या दिवशी मात्र काकांना वस्तूंचे महत्त्व पूर्ण पटलेले होते. ज्या डोळ्यांना इतकी वर्षे पंजाएवढा, मग ताटाएवढा, मग अर्ध्या भिंतीएवढा झालेला डाग दिसला नव्हता, त्या डोळ्यांना त्या दिवशी दारामागचे खिळ्याचे भोक लांबून दिसले. वापराने होणारी वाजवी झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे, असे मी विनयाने सुचवले. काकांनी ते मान्य केले आणि खिळ्याचे भोक माफ केले. मग वहीत ओळी आखून त्यांनी वजावटी लिहायला घेतल्या: भिंतीचे नुकसान, त्या भिंतीवर पूर्वी केलेला खर्च, त्या भिंतीला आता लागणारा रंग. नळाखाली वापरलेला वायसर मूळचा नसल्याची नोंदही त्यांनी केली, पण मोठ्या मनाने त्यापुढे रक्कम घातली नाही. पोपडे दाखवून मी विचारले, "काका, ही भिंत तर तुमच्या मते ठीक होती ना?" ते म्हणाले, "ठीक होती म्हणूनच तर नुकसान म्हणतो आहे."

घासाघीस होऊन निम्म्याहून थोडी अधिक अनामत हातात पडली आणि आम्ही नव्या घरी आलो. इथल्या चारही भिंती सारख्याच जुन्या आहेत, हे मी आधी पाहून घेतले.

काही महिन्यांनी एका अनोळखी गृहस्थांचा फोन आला. आमच्या नावाचे एक पत्र जुन्या पत्त्यावर आले होते, त्यावरचा क्रमांक पाहून त्यांनी संपर्क साधला होता. पत्राचे बोलून झाल्यावर ते जरा घुटमळले आणि म्हणाले, "एक विचारू का? तुमच्या वेळी झोपण्याच्या खोलीत ओल होती का हो? नाही, म्हणजे काका म्हणतात, आधीच्या भाडेकरूंची कधी एका शब्दाची तक्रार नव्हती. आमच्या पियानोमुळे भिंत हादरते, असे त्यांचे म्हणणे आहे." मी त्यांचा पत्ता माहीत असल्यामुळे तो विचारण्यात वेळ घालवला नाही. प्लास्टिकच्या प्रयोगाच्या छायाचित्रांसह माझ्या सर्व लेखी तक्रारींच्या प्रती मी त्याच दिवशी रवाना केल्या, आणि पुस्तके खोडून तिथे पियानो लिहिले की बाकी मजकूर तसाच चालेल, अशी सूचना सोबत जोडली.