मागेल त्याला, मागत राहील त्याला

रात्री अडीचला बॅटरी अन् काठी घेऊन दारं धरायला जायचा कंटाळा आलाय? मग सूर्याला शरण जा. योजनेचं नावच 'मागेल त्याला सौर कृषी पंप'. त्यात 'मिळेल' हा शब्द कुठे दिसत नाही, असली खुसपटं काढू नका.

सुरुवात सातबाऱ्यापासून करा. विहीर तुमच्या आज्याने खणलेली असेल, तुम्ही तिच्यात पोहायला शिकला असाल. पण सातबाऱ्यावर नोंद नसेल तर ती विहीर नव्हे, नुसता खड्डा. सातबारा सामाईक असेल तर ज्या चुलतभावाने बांधावरून बोलणं टाकलंय, त्याची ना-हरकत आणा. ऊर्जा धोरणाने भाऊबंदकी मिटवायचंही मनावर घेतलंय.

पंपाच्या ताकदीचा हट्ट नको. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाचपर्यंत ५, त्यापुढे ७.५. सरकार जमीन आडवी मोजतं; पाणी उभं खाली जातं, हा पाण्याचा आगाऊपणा.

मग पंपाच्या किमतीतला तुमचा हिस्सा भरा. सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ५. शेजाऱ्याकडे खांबावरची जोडणी आहे आणि साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाचं त्याचं बिल सरकार २०२४ पासून भरतंय, हे बघून पोटात दुखू देऊ नका. त्याची वीज फुकट, तुमचं ऊन फुकट. फिट्टंफाट.

आता स्वयंवर. यादीतून कंपनी तुम्हीच निवडायची. वरमाला पडेपर्यंत फोन पहिल्या रिंगला उचलला जातो. पुढे "दादा, स्ट्रक्चर आलंय, पॅनल मागून येतंय" हे वाक्य पाठ करून ठेवा. घरच्यांना सांगायला उपयोगी पडतं. दरम्यान कुणीतरी येऊन तुम्हाला पॅनलसाठी खणलेल्या खड्ड्याशेजारी उभं करून मोबाईलवर फोटो काढेल. हसा. फलकावरचा शेतकरी हसतोच ना?

पंप बसला की खरा आनंद. ऊन चढलं की पाणी पाटात धो-धो पडतं, खोटं कशाला बोलू. फक्त जुलैत पावसाने ओढ दिली की जरा संयम ठेवा. ढग असे येतात की पाऊसही पडत नाही आणि मोटारही चालत नाही. अशा वेळी ओल्या फडक्याने पॅनल पुसत बसावं. पीक वाळतं, पण पॅनल चकाकतं.

बॅटरी-काठी मात्र अडगळीत टाकू नका. केबलीत तांबं असतं, आणि चोर काही दिवसाउजेडी येत नाहीत.